अक्का सापडत नाही

अक्का, तुझ्या तेराव्याचं जेवून मी नगरला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. राजूरच्या वरच्या अंगाला कुठलीशी वाडी आहे, तिथला माणूस, साइटच्या पहिल्या पानावरचा माझा नंबर बघून. त्याचा बैल रानातून परतला नव्हता. तुझ्या साइटवर कुणी काही टाकलंय का बघावं म्हणून त्यानं फोन उघडला, तर पहिलं पान नीट दिसलं, पण पुढं कशावरही बोट लावलं की नुसता पांढरा पडदा आणि खाली एक ओळ. "मॅडम, फोन म्हनतोय अक्का सापडत न्हाई," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या वारल्या ते म्हाईत हाय मला. पर फोनला कुनी सांगितलं?"

मी त्याला म्हटलं, बघते, काहीतरी सेटिंग बिघडलं असेल. आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्या मोबाइलवर तुझी साइट उघडली. वर तुझंच ते हिरव्या रंगातलं, माझ्याशी भांडून निवडलेलं नाव, 'हरवलं-सापडलं'. खाली गाईंचे, बैलांचे, एका शेळीचे फोटो. मी पहिल्या गाईवर बोट ठेवलं. मलाही फोननं तेच सांगितलं.

तुला ओळखत नसलेला कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगते, तू रागावू नकोस. डोंगराकडची डांगी जनावरं दिवसभर रानात मोकळी चरतात. एखादं चुकतं, दुसऱ्याच गावाच्या कळपात जाऊन उभं राहतं. मग मालक बाजाराच्या दिवशी राजूरला येऊन भेटेल त्याला विचारत फिरतो. तू त्यासाठी साइट केलीस. ज्याचं हरवलं त्यानं फोटो आणि खुणा टाकायच्या, ज्याला दिसलं त्यानं 'सापडलं' हे बटण दाबून ठिकाण लिहायचं. संगमनेरला पॉलिटेक्निकला आपण एका बाकावर होतो. बाकीच्या सगळ्यांनी पुण्याची गाडी धरली. तू परत राजूरला गेलीस, लग्नाचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला पळवून लावलंस, आणि गाईंचे फोटो गोळा करत बसलीस. मी तुला येडी म्हणाले होते. अजूनही म्हणेन, पण आता ते म्हणताना मला दम लागतो.

साइट राहायची तुझ्या घरात, माळ्याखालच्या खोलीतल्या त्या जुन्या मशीनवर. घरच्या वायफायच्या जाळ्यात त्या मशीनचं नाव तू 'अक्का' ठेवलं होतंस, कारण वर्गात काय आणि घरी काय, तुझं दुसरं नाव कुणाला आठवायचंच नाही. पण राजूरच्या घरातलं मशीन जगाला थेट दिसत नाही. म्हणून लांबच्या शहरातलं एक भाड्याचं मशीन मी पुढं उभं केलं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. तुझ्या भावाला, सोपानला, तू हे समजावलंस ते मला पाठ आहे. म्हणालीस, प्रॉक्सी म्हंजी पडवीत बसलेला म्हातारा. आलेल्याचा निरोप त्यो आत सांगतो, आतलीचा निरोप बाहेर सांगतो. आतलीला पाहुणा दिसत न्हाई, पाहुण्याला आतली दिसत न्हाई. सोपान म्हणाला, मग आतली हाय का न्हाई हे पाहुण्याला कसं कळायचं? तू हसलीस. मीही हसले होते.

आपलं भांडण त्याच पडवीवरून होतं आणि ते तसंच राहिलं. प्रत्येक पानावरच्या प्रत्येक लिंकच्या सुरुवातीला साइटचा पूर्ण पत्ता लागतो, त्याला बेस यूआरएल म्हणतात. तो आतल्या मशीननं कुठून घ्यायचा? माझं म्हणणं, पाहुण्यानं कोणत्या नावानं हाक मारली ते प्रॉक्सी सांगतोच, ते ऐकायचं आणि तोच पत्ता लावायचा. उद्या नाव बदललं तरी काही बिघडत नाही. तुझं म्हणणं, बाहेरच्यानं सांगितलं म्हणून ऐकायचं नाही. "कुनी बी पडवीत येऊन काय बी नाव सांगंल, आन् मी आतून त्याला व्हय म्हनू?" असं तू म्हणायचीस. पत्ता आपल्या हातानं लिहायचा, एकदाच, आणि बाहेरून कुणी काहीही बोंबललं तरी तोच सांगायचा. खरं तर नियमानं तुझंच बरोबर होतं. ते मी कधी कबूल केलं नाही, आणि आज करणार होते, तर तुझ्याच त्या हट्टानं मला राजूरला ओढून नेलं.

आधी मी नगरहूनच खटपट केली. प्रॉक्सी बंद करून चालू केला. बाहेरचं नाव तो आत नीट सांगतोय का ते तपासलं. सांगत होता. पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि आतून उत्तर येत होतं, माझं नाव अक्का, पुढचं बघायचं असेल तर अक्काकडं या. म्हणजे तुझं मशीन जिवंत होतं, हाकेला ओ देत होतं, फक्त ओ देताना घरातलं नाव सांगत होतं. ते नाव तुमच्या घराच्या भिंतीबाहेर कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सगळ्या तालुक्याचे फोन अक्काला शोधायला निघायचे आणि सापडत नाही म्हणून सांगायचे. कारण कळल्यावर भीती जायला हवी होती. ती गेली नाही. मी लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडायला गेले तर बाहेरून आत शिरायची वाटही तू बंद करून ठेवलेली. कडी आतून लावलेली होती, आणि आत तू नव्हतीस.

तेव्हा गाडी धरली. संगमनेर, अकोले, राजूर. अकोल्याच्या पुढं धुकं इतकं उतरलं होतं की दुपारीच कंडक्टरनं आतले दिवे लावायला सांगितले. मागच्या सीटवरची एक बाई कुणाला तरी फोनवर सांगत होती की साइट बंद पडलीय, अक्का गेल्यापास्नं मशीन रुसलंय. मी खिडकीकडं तोंड केलं. तुझ्या मशीनच्या माहेरची मी आले आहे, समजूत काढायला, असं त्या बाईला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. तुझी आई या दिवसांत निम्मी झाली आहे, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. मला बघून उठल्या, गालावरून हात फिरवला. पाणी दिलं, चहा ठेवला. मी वाडीवाल्याच्या बैलाचं सांगितलं, म्हटलं, मावशी, साइट उघडत नाहीये म्हणून आले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच चुकीच्या घरात आलेय. "उघडतीय की," त्या म्हणाल्या. "मी रोज बघती."

त्यांनी कमरेचा फोन काढला, पहिलं पान उघडलं, एका बैलावर बोट ठेवलं. बैल उघडला. शेळीवर ठेवलं, शेळी उघडली. माझ्या हातातल्या फोनवर त्याच वेळी पांढरा पडदा होता. "बाहेरच्यांना सापडत न्हाई म्हनत्यात लोकं," मावशी अगदी सहज म्हणाल्या. "ती बाहेर कुठं गेलीय. ती हितंच हाय." आणि चहाकडं वळल्या. माझ्या अंगावर काटा आला, ते तुला सांगायला लाज कसली. मला त्याचं कारण माहीत होतं. मावशींचा फोन घरच्या वायफायवर होता. घरच्या जाळ्यात 'अक्का' हे नाव मशीनला बरोबर नेऊन पोचवतं, माझा मोबाइल बाहेरच्या नेटवर होता म्हणून पोचत नव्हता. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. पण अक्का, त्या चुलीपाशी उभी राहून मावशींचंच वाक्य जास्त खरं वाटत होतं. घराबाहेर तू नाहीस. घरात आहेस.

हे झालं कसं, तेही चहा पिता पिता कळलं. तू गेलीस त्या दिवशी सुतक म्हणून टीव्ही बंद केला. टीव्हीबरोबर कुणीतरी तुझ्या खोलीतलं मशीनही बंद केलं. घरात सुतक आणि आत दिवा लुकलुकतोय, पंखा गुरगुरतोय, हे पाव्हण्यांना बरं दिसेना. तेराव्यानंतर टीव्ही लावला तेव्हा मशीनही लावलं. मशीन इतकी वर्षं इन्व्हर्टरवर एका दमात चालू होतं. तू बाहेरचा पत्ता चालत्या मशीनला तोंडी सांगितल्यासारखा सांगून ठेवला होतास, फाइलीत लिहायचा राहिला होता. फाइलीत पहिल्या दिवसाचं नाव होतं, घरातलं. मशीन झोपेतून उठलं, त्याला तेवढंच आठवलं. पत्ता हातानं लिहायचा म्हणून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलीस आणि तोच लिहिला नाहीस. मला त्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून तुझ्यावर इतका राग आला, आणि मग एकदम रडू आलं, कारण राग ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

खोली तशीच आहे. खुर्चीवर तुझी शाल. मशीनसमोर बसले तर पाठीमागून कुणी वाकून बघतंय असं वाटत राहिलं, तुला ती खोड होतीच. मी आधी तपासणी म्हणून हरवलेल्यांची यादी उघडली. सगळ्यात जुनी नोंद तुझी, साइट सुरू केली तेव्हा चाचणीसाठी टाकलेली. तुझाच फोटो आणि खाली, 'हरवली आहे: अक्का. रंग सावळा. शिंगं नाहीत, तरी मारकी. खूण: डाव्या भुवईवर व्रण. शेवटची दिसली: राजूरच्या बाजारात भजी खाताना.' मी तेव्हा काढून टाक म्हणून कितीदा सांगितलं होतं. तू म्हणायचीस, राहू दे, कुनाला तरी सापडंल. आता त्या नोंदीवर हिरवी खूण होती. सापडली. ठिकाणाच्या रकान्यात एकच शब्द होता. 'घरी.'

खूण तुझ्यानंतरची होती. मशीन पुन्हा लावल्यानंतरची. तेव्हापासून बाहेरच्या कुणाला ते पान उघडताच येत नव्हतं, म्हणजे बटण घरातूनच दाबलं गेलं. मावशींना लिहिता येत नाही. सोपानला विचारलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि गोठ्याकडं निघून गेला. त्याच्या बायकोनं तर तुझ्या फोटोकडं बघायलाही नको म्हटलं. लॉगमध्ये बघितलं, तर बटण जिथून दाबलं तो पत्ता मशीनचाच. तुझ्या खुर्चीत बसून कुणी बटण दाबावं तसा. समाचाराला आलेलं कुणीतरी खोलीत जाऊन बसलं असेल. एखाद्या पोरसवदा पाहुणीला वाटलं असेल, असं लिहावं. असंच असणार. मी तो शब्द पुसला नाही आणि खुर्चीतून उठून पलंगावर बसले, एवढं मात्र केलं.

तिथं बसल्या बसल्या मला माझे वडील आजारी होते ते दिवस आठवले. मी दवाखान्यात होते, आणि माझी सगळी गिऱ्हाइकं तू इथून, याच खुर्चीतून सांभाळलीस. त्यांना कळूही दिलं नाहीस की मी जागेवर नाही. माझ्या नावानं उत्तरं लिहिलीस. एकानं तर नंतर मला म्हटलं, ताई, मधे तुमची बोलायची पद्धत फार सुधारली होती. मी तुला ते सांगितलं तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलो, आणि आभार मानायचे राहूनच गेले. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती, म्हटलं असतं तर तू माझ्या पाठीत धपाटा घातला असतास. आज घालायला कुणी नाही, तर म्हणून टाकते. फार उपकार आहेत गं तुझे माझ्यावर.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना सांगितलं काय करायचं आहे ते. फाइलीत घरातलं नाव आहे, ते काढून बाहेरचं नाव लिहायचं, मशीन एकदा बंद करून लावायचं. मग सगळ्यांना उघडेल. त्या म्हणाल्या, "मग माझ्या फोनवर?" मी म्हटलं, तुमच्या फोनवरही उघडेल, फक्त वरचं नाव बदलेल, बाहेरचं दिसेल. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे अक्का दिसणार नाही? मी म्हटलं, जनावरं सगळी दिसतील. त्यांनी जनावरांचं विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी मला फोन दाखवला. बैलाचं पान उघडलं आणि अगदी वर, पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. इंग्रजीत ए, के, के, ए. मावशींना मराठीही धड वाचता येत नाही, पण ती चार अक्षरं तू त्यांना शिकवली होतीस, मशीन आणलंस तेव्हा, त्यावर चिकटवलेल्या पट्टीवरून. जगातलं तेवढंच वाचता येतं त्यांना. तेराव्यानंतर घरच्यांनी टीव्ही लावला, मशीन लावलं, आणि मावशींनी फोन उघडून गाईवर बोट ठेवलं, तर वर तुझं नाव आलं. आधी कधी यायचं नाही. तुझ्या हयातीत बाहेरचं नाव दिसायचं, मेल्यावर तुझं दिसायला लागलं. "म्या कुनाला बोलली न्हाई," त्या म्हणाल्या. "बोललं की जातंय."

अक्का, तू असतीस तर काय केलं असतंस? मला एक वाट माहीत होती. घरच्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक, असे दोन पत्ते ठेवता येतात, जरा खटाटोप आहे इतकंच. पण त्यासाठी मशीननं बाहेरच्याचं ऐकायला हवं, कोण कुठून कोणत्या नावानं आलंय ते मानायला हवं. म्हणजे तुझ्या आणि माझ्या भांडणात मला जिंकायला हवं होतं, आणि तेही तू समोर नसताना. मी तशी फाइल उघडून बसले. हात पुढं जाईना. असं जिंकून मी काय करणार होते.

मावशींना मी दोन्ही सांगितलं. म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. घरात ते नाव ठेवता येईल, बाहेरच्यांचंही काम होईल. त्या पलंगावर माझ्याशेजारी बसल्या. बाहेर धुक्यात कुणाच्या तरी बैलाची घंटा वाजली, जवळ आली, लांब गेली. मग त्या म्हणाल्या, "दोन ठिकानी कशाला ठिवायचं तिला. त्या वाडीवाल्याचा बैल गेलाय. येकच कर. सगळ्यांचं असंल त्येच."

मी ते केलं. तुझ्या पद्धतीनंच केलं, पत्ता हातानं लिहिला, आणि या वेळी फाइलीत लिहिला. मशीन बंद केलं. पंखा थांबला. मग लावलं. दिवा पेटला, पंखा गुरगुरला. माझ्या मोबाइलवर गाय उघडली. मी वाडीवाल्याला फोन करून सांगितलं. त्यानं तिकडून बघून सांगितलं की उघडतंय, बैल मात्र अजून कुणाला दिसला नाही, पण बघतो आता.

मावशींनी त्यांचा फोन उघडला. बैलावर बोट ठेवलं, बैल उघडला. पण त्या बैलाकडं बघत नव्हत्या. वरची लांबलचक इंग्रजी अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या, हरवलंसापडलं, सगळं सलग, त्यांना न वाचता येणारं. मी म्हणणार होते, मावशी, मी वाचून दाखवते. तेवढ्यात त्यांचं बोट हललं. नखानं त्यांनी एक अक्षर दाबलं. मग पुढं सरकून आणखी एक. मग आणखी एक. मी वाकून बघितलं. ए होते ते.

"ह्यो तिचा हाय," मावशी म्हणाल्या. "ह्यो बी तिचाच." आणि बोट पुढं नेत राहिल्या.